सण वीकेंडला ढकलण्याआधी इराणच्या खेड्यांकडे एकदा बघा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. पटलं नाही तर कमेंटमध्ये जरूर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशात आपण सण दणक्यात करतो, पण मुलांच्या हाती पडतो तो फक्त कार्यक्रम. नवा झब्बा, ढोल-लेझीम, केटरिंगचं जेवण, फोटो, आणि तेही हॉल मिळेल त्या शनिवारी. सणाच्या मागे तीन गोष्टी होत्या: हंगाम, काम आणि वाटणी. त्या तिन्ही आपण वाटेत कुठेतरी टाकून आलो. त्या गेल्यावर उरलेलं मुलांनी पुढे न्यावं असं त्यात फारसं काही राहत नाही. माझी थोरली अजून दोन वर्षांनी कॉलेजला दुसऱ्या देशात जाईल. ती बरोबर काय नेणार, हा माझ्यासाठी गप्पांचा विषय राहिलेला नाही.

गंमत म्हणजे हे मत मला सांगलीने दिलं नाही, इराणच्या खेड्यांनी दिलं. दुबईत माझ्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं एक इराणी सहकारी बसते, काशानजवळच्या एका गावची. आधी तिच्याकडून ऐकलं, मग नाद लागला आणि वाचत गेले. मी सीए आहे, त्यामुळे मला पहिल्यांदा दिसला तो हिशेब. तिथूनच सुरुवात करते.

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. का, असं मुलांनी विचारलं तर इंग्रजांपासून गोष्ट सांगावी लागते. इराणचं आर्थिक वर्ष १ फरवर्दीनला, म्हणजे २० किंवा २१ मार्चला सुरू होतं, आणि त्याचं कारण पाच वर्षांच्या मुलालाही कळतं: त्या दिवशी दिवस आणि रात्र सारखे होतात, वसंत सुरू होतो. सरकारी बजेट, कंपन्यांची खाती आणि खेड्यातल्या आजीचा नवरोज, सगळं एकाच दिवशी.

तोही नुसता दिवस नाही, क्षण. सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणाला ते 'तहवील-ए-साल' म्हणतात. तहवील म्हणजे सोपवणं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देणं. आपल्या खतावणीतली 'हवाला' नोंद आठवते? त्याच मुळातला शब्द. जुनं वर्ष नव्याच्या हवाली करायचा क्षण. तो दरवर्षी वेगळ्या वेळी येतो. २०२३ मध्ये दुबईच्या घड्याळात रात्री १ वाजून २४ मिनिटांनी आला. २०२४ मध्ये सकाळी ७ वाजून ६ मिनिटांनी. त्याच क्षणी लंडनमध्ये पहाटेचे ३ वाजून ६ मिनिटं झाली होती आणि लॉस एंजेलिसमध्ये आदल्या दिवसाची रात्र, ८ वाजून ६ मिनिटं. जगभरातली इराणी कुटुंबं त्या एका क्षणाला आपापल्या टेबलाभोवती बसलेली असतात. माझी सहकारी २०२३ ला मुलांना झोपेतून उठवून बसली आणि सकाळी ऑफिसला आली. तिला विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, सूर्य आमच्यासाठी थांबत नाही ना.

हे पंचांग असं सूर्याला बांधलेलं राहावं म्हणून इराणी लोकांनी पिढ्यान् पिढ्या खटपट केली, आणि त्यातली बरीचशी खटपट करापायी झाली! जुन्या इराणी वर्षात ३६५ दिवस होते, लीप वर्ष नव्हतं. दर चार वर्षांनी एक दिवस सरकत सरकत नवरोज हंगामापासून सुटला. शेतसारा वसूल करायची सुरुवात नवरोजपासून व्हायची. नवव्या शतकात परिस्थिती अशी झाली की सारा मागायला माणूस दारात आणि पीक अजून शेतात हिरवं. शेतकरी भरणार कुठून? शेवटी ८९५ साली खलिफा अल-मुतदिद याने वसुलीचा नवरोज पुढे ढकलून ११ जूनवर नेला, म्हणजे पीक हाती आल्यावर. पुढे १०७९ साली सुलतान मलिकशाहच्या काळात पंचांग पुन्हा दुरुस्त झालं आणि नवरोज वसंतसंपाताला पक्का बांधला गेला. त्या दुरुस्तीच्या मंडळींत उमर खय्याम होता, तोच, रुबायांवाला. आजचं इराणी सौर पंचांग १९२५ च्या कायद्याने आलं, पण मूळ विचार तोच.

आपल्याकडेही हे शहाणपण होतं. मराठ्यांच्या जुन्या कागदांत शुहूर सन दिसतो, त्याला मृगसाल म्हणत. सूर्य मृग नक्षत्रात गेला की वर्ष बदलायचं, कारण पेरणी तेव्हा. आणि उलट उदाहरणही आपल्याच मुंबईत आहे. पारशी शहेनशाही पंचांगात लीप दिवस धरत नाहीत, म्हणून त्यांचा नवरोज सरकत सरकत आता ऑगस्टमध्ये येतो. ते तो मनापासून पाळतात, शिवाय २१ मार्चचा जमशेदी नवरोजही करतात. कमी-जास्त म्हणायचा हेतू नाही. एवढंच म्हणायचंय की तारीख आणि हंगाम यांची गाठ आपोआप टिकत नाही. ती कुणीतरी मुद्दाम बांधून ठेवावी लागते.

आता खेड्यांत जाऊया.

काशानच्या डोंगराकडेला कमसर आणि नियासर ही गावं आहेत. मे महिन्याच्या मध्यापासून साधारण महिनाभर तिथे 'गुलाबगिरी' चालते. फारसीत फुलाला 'गुल' आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे त्यांच्याकडे फूल नाही, गुलाबपाणी आहे. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं. तर ही फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत खुडायची, कारण उन्हात सुवास उडून जातो. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाण्यात घालून खाली जाळ, वरून नळी, नळीचं दुसरं टोक गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. वाफ थंड होते, गुलाबपाणी जमतं. पहाटे खुडलेली फुलं त्याच दिवशी भांड्यात गेली पाहिजेत. फूल उद्यावर ढकलता येत नाही.

आता ह्या गुलाबपाण्याचा पुढचा प्रवास बघा. काशानपासून जवळच मशहद-ए-अर्दहाल आहे. तिथे दरवर्षी शरदात 'कालीशूयान' होतं, म्हणजे गालिचा धुणं. इमाम मुहम्मद अल-बाकिर यांचे पुत्र सुलतान अली यांना तिथे मारलं गेलं आणि फीन आणि खावे ह्या गावांच्या लोकांनी त्यांचा देह गालिच्यात गुंडाळून ओढ्याकाठी नेला, अशी श्रद्धा आहे. सकाळी खावेचे लोक मजारापाशी जमून गालिच्यावर गुलाबपाणी शिंपडतात. मग तो गालिचा फीनच्या लोकांच्या हवाली करतात. फीनचे लोक वाहत्या पाण्यात काठ्यांनी पाणी उडवून तो प्रतीकात्मक धुतात. २०१२ मध्ये युनेस्कोने हा विधी मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतला.

माझ्यातल्या हिशेबनीसाला यातली एक गोष्ट फार आवडली. शिया मुसलमानांचे धार्मिक दिवस चांद्र हिजरी पंचांगाने चालतात, म्हणून ते ऋतूंमधून फिरत राहतात. मोहरम कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. पण हा विधी मात्र सौर, शेतीच्या पंचांगाने होतो: १७ मेहरच्या सर्वात जवळचा शुक्रवार, म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. शेतकऱ्याच्या वर्षात त्याची जागा ठरलेली.

आता कुणी म्हणेल, "अगं, शुक्रवार म्हणजे त्यांची सुट्टीच की! मग आमच्या शनिवाराने काय घोडं मारलंय?" बरोबर आहे. म्हणूनच शनिवारच्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही. पण 'सर्वात जवळचा शुक्रवार' आणि 'हॉल मिळेल तो शनिवार' यांत फरक आहे. पहिल्यात खुंटा ठोकलेला आहे, दोरी थोडी सैल आहे एवढंच. दुसऱ्यात खुंटाच नाही. संक्रांत फेब्रुवारीच्या मध्यावर आणि कोजागिरी दिवाळीनंतर अमावास्येच्या आसपास केलेली मी पाहिली आहे. चंद्र नसलेली कोजागिरी! दूध मात्र छान आटवलेलं होतं.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात लाडकं. दमावंद हा इराणचा सर्वात उंच डोंगर, ५,६०० मीटरहून उंच. त्याच्या पायथ्याशी आब-अस्क नावाचं गाव आहे. तिथे उर्दीबेहेश्त महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, एका शुक्रवारी गावातले सगळे पुरुष आणि मुलगे डोंगरावर जातात. उतारावर उरलेला बर्फ पाठीवरून आणून एका खोल खड्ड्यात भरतात आणि तोंड झाकून टाकतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की तोच बर्फ गुराख्यांना, गुरांना, वाटसरूंना. ह्याला 'वर्फ-चाल' म्हणतात, बर्फाचा खड्डा. आणि त्या दिवशी खाली गावात? बायकांचं राज्य! एकही पुरुष गावात थांबायचा नाही. बायका आपल्यातली एक राणी निवडतात, पहारा ठेवतात, गातात, जेवतात. संध्याकाळी बर्फ भरून पुरुष परत.

बघा, ह्यात सगळं आहे. मजा आहे, वेष आहे, गाणं आहे, जेवण आहे. पण मधोमध एक खरं काम आहे, आणि ते काम स्वतःसाठी नाही, तीन महिन्यांनी तहानलेल्या दुसऱ्या कुणासाठी. तो खड्डा काढून टाका, उरेल ते आपलं 'लेडीज स्पेशल'.

खोरासानमध्ये केशराचं असंच. तुर्बत-ए-हैदरिये आणि काईनच्या भागात आबान महिन्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, फुलं फुलतात. तीही पहाटेच खुडायची. मग सगळं घर, म्हातारी माणसं, मुलं, शेजारणी, ढिगाभोवती बसून प्रत्येक फुलातून तीन लाल तंतू वेगळे करतात. एक किलो वाळलेल्या केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात. दिवाळीत श्रीखंडात आपण चार काड्या टाकतो. मुलांना एकदा हा भागाकार करायला लावा. माझ्या धाकट्याने केला, आणि त्यानंतर डबी उघडताना त्याचा हात जपून चालतो.

कामानंतर येते वाटणी. इथे मी जरा रेंगाळणार, धंद्याची सवय.

इराणच्या खेड्यांत बायकांची एक जुनी रीत आहे, तिला 'वारे' म्हणतात. आपल्या वाऱ्याशी संबंध नाही. घरी एखाद-दोन गाई किंवा चार शेळ्या असल्या तर रोजचं दूध एवढं थोडं की त्याचं लोणी-चीज करायला बसणं परवडत नाही, सरपणच जास्त जळतं. मग शेजारणी मिळून ठरवतात: आज सगळ्यांचं दूध तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्या दिवशी जिची पाळी, तिच्याकडे भरपूर दूध, एकदमच सगळं करून होतं. कुणी किती दिलं ते भांड्यात काडी बुडवून, काडीवर खूण करून मोजायचं. जेवढं दिलं तेवढंच परत मिळणार. व्याज नाही, नफा नाही. मुर्तझा फरहादी या मानववंशशास्त्रज्ञाने ह्या एका रितीवर आख्खं पुस्तक लिहिलंय.

ओळखलंत ना? भिशी! दुधाची भिशी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी काडीवर चालवलेली खतावणी, आणि ती जुळायची. मी रोज ज्या सॉफ्टवेअरवर बसते त्यात ती नेहमी जुळतेच असं नाही.

उत्तरेला, कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलानमध्ये भाताची लावणी बायका करतात. तिथे 'यावर' आहे: आज आम्ही तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक म्हणा. आणि यझ्द-गोनाबादकडच्या कोरड्या मुलुखात वाटणी पाण्याची. जमिनीखालच्या कनातीतून येणारं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ, हे मोजायला पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडतात. ती भरून बुडली की एक माप. पाणी वाटणारा माणूस मापं मोजत बसतो. आपल्या लग्नात मुहूर्ताला ठेवतात ते घटिकापात्र डोळ्यांसमोर आणा, तीच युक्ती. आपण ती लग्न वेळेवर लावायला वापरली, त्यांनी भांडण न होता पाणी वाटायला.

सगळं गोड होतं असं मुळीच नाही, आणि मुलांना तसं सांगूही नये. खळ्यावर पिकाची जुनी वाटणी पाच भागांवर चाले: जमीन, पाणी, बियाणं, बैल आणि श्रम, प्रत्येकाचा एक वाटा. ठिकठिकाणी यात फरक असे, पण तत्त्व हे. ज्याच्याकडे दोन हातांशिवाय काही नाही त्याला पाचातला एक. शिवाय लोहार, सुतार, हमामवाला यांचं धान्य सुगीलाच निघे, आपल्या बलुत्यासारखं. जमीनदाराची पकड एवढी घट्ट होती की १९६२ पासून सरकारला जमीन सुधारणा करावी लागली. अॅन लॅम्ब्टन यांनी १९५३ मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहून ठेवलंय. तर ह्या हिशेबात अन्यायही नोंदलेला आहे. पण नोंद होती. कोण राबलं आणि कुणाला काय मिळालं, हे खळ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं, अगदी मुलांच्याही.

यझ्दच्या झोराष्ट्री गावांनी वाटणीलाच सण केलं. त्यांचे वर्षाचे सहा 'गाहांबार' आहेत, प्रत्येक एका हंगामाच्या टप्प्यावर: एक धान्य घरी येतं तेव्हाचा, एक गुरं चराईवरून परततात तेव्हाचा, आणि असे बाकीचे. कुणीतरी पूर्वजाने गाहांबारासाठी जमीन किंवा पाण्याचा हिस्सा लावून ठेवलेला असतो. त्या उत्पन्नातून सुका मेवा येतो, त्याला 'लोर्क' म्हणतात, आणि येईल त्याला, गरीब-श्रीमंत न बघता, मूठमूठ मिळतो. मेरी बॉईस ही अभ्यासक १९६३-६४ मध्ये शरीफाबाद नावाच्या अशा गावात जाऊन राहिली आणि तिने हे सगळं लिहून ठेवलं. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांचे कितीतरी मालक ह्याच यझ्द-करमानकडच्या खेड्यांतून आलेल्या घराण्यांतले. आपण त्यांच्याकडे बन-मस्का खाल्ला, पण त्यांच्या गावाला काय पिकतं हे कधी विचारलं नाही.

आणि आता मुलं. माझ्या मते खरी मेख इथे आहे. इराणच्या ह्या रितींत मुलांना नुसतं बघायला बसवत नाहीत, त्यांच्याकडे काम असतं. कुर्दिस्तानात हवरामानच्या डोंगरात उरामान तख्त नावाचं गाव आहे. पायऱ्यांसारखी घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. तिथे ऐन हिवाळ्यात पीर शालियारचा उत्सव होतो. त्याचं आमंत्रण म्हणजे अक्रोड. गावातली मुलं पीर शालियारच्या बागेतले अक्रोड घरोघर नेऊन देतात. मुलांनी अक्रोड नेले नाहीत तर उत्सव सुरूच व्हायचा नाही. कुर्दी गावांतच पाऊस लांबला की मुलं लाकडी बाहुलीला नवरीसारखं सजवून दारोदार फिरवतात, लोक तिच्यावर पाणी ओततात. 'पावसाची नवरी'. आपल्याकडे धोंडी मागत फिरणारी मुलं आठवतायत ना, कडुनिंबाचा पाला गुंडाळलेली?

नवरोजच्या आधी घरोघर 'सब्जे' होतो. ताटलीत गहू किंवा मसूर भिजवून पेरायचा, रोज पाणी द्यायचं. तो कोंब 'हफ्त-सीन'च्या टेबलावर बसतो, आणि तेराव्या दिवशी, 'सीझदे-बेदर'ला, सगळं गाव शेतात-ओढ्याकाठी जातं तेव्हा वाहत्या पाण्यात सोडतात. हे काम बहुतेक मुलांचं. आपल्या घटाचं हेच तर आहे! नऊ दिवस माती, धान्य, पाणी, आणि दसऱ्याला ते पिवळे तुरे टोपीत.

आता नेहमीचे आक्षेप, मला पाठ झालेत.

"आपण कुठे शेतकरी आहोत?" इराणी तरी कुठे आहेत? तिथली जवळपास तीन चतुर्थांश लोकसंख्या आज शहरात राहते. तेहरानच्या बाराव्या मजल्यावरही सब्जे उगवतो. शेती गेली तरी हंगामाचं भान ठेवता येतं.

"ते त्यांच्या देशात आहेत, आपण परक्या देशात." माझी सहकारीही परक्या देशातच आहे. दुबईच्या उन्हात तिचा कोंब दोनदा करपला, तिने तिसऱ्यांदा पेरला.

"तिथलंही सगळं आता पर्यटनाचं झालंय." काही प्रमाणात, हो. गुलाबाच्या हंगामात कमसरला बसगाड्यांची रांग लागते, अनेक कनाती आटल्या, तरुण शहरात गेले. पण म्हणूनच सांगते. जिथे रीत टिकली तिथे ती कामाला चिकटून टिकली. पाहुणा फोटो काढून जातो, पण पहाटे फूल खुडायला कुणीतरी उठावंच लागतं.

"मुलांना अभ्यास असतो, आम्हाला ऑफिस असतं." तहवीलला दहा मिनिटं लागतात. घटाला पाणी घालायला एक. वेळेची अडचण हॉलच्या कार्यक्रमाला येते, सणाला नाही. रिहर्सलला आपण सहा रविवार देतोच की.

तर मी काय म्हणते ते चार ओळींत:

एक, शनिवारचा कार्यक्रम जरूर करा, पण तिथीच्या दिवशी घरात दहा मिनिटं काहीतरी कराच. आणि कार्यक्रमाची तारीख 'सर्वात जवळचा शनिवार' अशी ठरवा. जवळचा मिळत नसेल तर लहान हॉल घ्या.

दोन, प्रत्येक सणात मुलाला एक काम द्या, जे त्याने केलं नाही तर सण अडेल. नाच बसवणं ह्यात धरू नका. घट पेरणं, तिळगूळ वळणं, बेंदराला मातीचे बैल करणं, शेजाऱ्यांना फराळ पोचवणं. उरामानच्या मुलांच्या हातातला अक्रोड डोक्यात ठेवा.

तीन, सणाचा पदार्थ कुठून आला ते एकदा शेवटपर्यंत शोधू द्या. तीळ कुणी पिकवले, ऊस कुणी तोडला, त्याला किती मिळाले. ऊसतोड कामगाराबद्दल मूल अवघड प्रश्न विचारेल. विचारू दे. आपला सण त्या प्रश्नाने बाटत नाही.

चार, वाटणी स्वतःच्या लोकांबाहेर जाऊ दे. आपल्या मंडळांच्या जमाखर्चात डेकोरेशन, साउंड, केटरिंग हे सगळे रकाने असतात. इमारतीच्या सुरक्षारक्षकाला, सफाई करणाऱ्याला, शेजारच्या इराणी-फिलिपिनो घराला काय गेलं, हा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी तो घाला. रक्कम कितीही चालेल.

जाता जाता एक. 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'हिशेब', 'फडणीस', 'कारकून', आणि सुगीला आपण म्हणतो तो 'हंगाम', हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून त्यातल्या कित्येकांना संस्कृत पर्याय दिले, तरी शेतकऱ्याने आणि हिशेबनिसाने हे सोडले नाहीत. शब्द आपल्याकडे शाबूत आहे. त्यातला हंगाम मुलांना दाखवायचा बाकी आहे.

येत्या नवरात्रात आमच्याकडे घट धाकटा बसवणार आहे. ताट, माती, गहू त्यानेच आणायचे, पाणी त्यानेच घालायचं. मी हात लावणार नाही, करपला तरी.

तुमच्या घरी असं कुठलं काम मुलांकडे आहे? कतार, मॉरिशस, न्यू जर्सी, लंडन, जिथे असाल तिथून लिहा. आणि कुणाचे शेजारी इराणी असतील तर त्यांना विचारा की त्यांच्या आजीच्या गावाला काय पिकायचं. बघा किती वेळ बोलत राहतात.